निर्मलाबाईंच्या परवान्याची चोरी

कुडव्याच्या दुर्गाप्रसादांच्या मते अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात खरे डोळे दोघांनाच होते: इटियाडोह धरणावरच्या घारीला आणि त्यांना. नुसत्या चपलेच्या आवाजावरून ते माणसाचा धंदा, स्वभाव आणि सासुरवाडी सांगत. सांगितलेलं चुकलं, तर तो चपलेचा दोष. यंदा त्यांनी भिंग धरलेला स्वतःचा फोटो आणि खाली मोबाइल नंबर अशी पन्नास भलीमोठी कॅलेंडरं छापली आणि एकोणतीस डिसेंबरला त्यातली बेचाळीस दुकानादुकानांत टांगली. स्टूल धरायला साडू सुकराम होताच. बायकोने बजावल्यामुळे तो बिचारा गुप्तहेराचा सहायक झाला होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी निर्मलाबाईंच्या बारमधून फोन आला. भिंतीवरचा परवाना चोरीला गेला होता. दोघे साडू लगेच तिथे पोचले.

"उदबत्ती लावाले गेली त परवाना गायब!" बाई रडकुंडीला आल्या होत्या. "अकराला एक्साइजचे साहेब येऊन राहिले. उद्याचा थर्टी फर्स्ट गेला समजा. बारा वर्षांत एक डाग नाई लागू देला जी मी."

ते खरंच होतं. आधार कार्ड पाहिल्याशिवाय त्या बियर देत नसत. कोणी झोकांड्या खायला लागला, की त्याच्या गाडीची चाबी काउंटरवरच्या स्टीलच्या डब्यात. "सकाळी चहा प्यायले या, चाबी घेऊन जा," म्हणत त्याला ऑटोत बसवायच्या. अशा बाईचा बार बंद पडू नये, असं सुकरामला मनापासून वाटलं.

"पण एवढ्या मोठ्या शहरात मलाच फोन काऊन केला?" दुर्गाप्रसादांनी कौतुकाच्या आशेने विचारलं.

"समोरच नंबर दिसला."

काउंटरमागे, जिथे बारा वर्षं परवाना होता, तिथून भिंगवाले दुर्गाप्रसाद हसत होते.

खरे दुर्गाप्रसाद आधी दचकले, मग फुलले. "चोरानं परवाना नेला अन् जागेवर माझा फोटो लावला! हे मला आव्हान आहे. कॅलेंडरला कोणीही हात लावायचा नाही. ठसे आहेत!"

"भाऊ, ठसे त..." सुकराम म्हणाला.

"सहायकानं मधात बोलायचं नाही."

पहिला संशय गेला परवा लिंबू सरबत पाजून परत पाठवलेल्या वीस वर्षांच्या पोरावर. तो आजीकडे तिरोड्याला होता. दुसरा संशय, बाईंनी ज्यांना चौथा पेग नाकारला होता त्या गुलाबचंद ठेकेदारांवर. ते अजून झोपले होते. मग दुर्गाप्रसादांनी डोळे मिटले.

"परवाना दरेकशाच्या रेल्वे बोगद्यातून छत्तीसगडात पोचला. तिथं त्यावर दुसरा बार उघडून राहिले."

"त्याच्यावर पत्ता कुडव्याचा हाये जी," बाई म्हणाल्या.

"तोच तर डाव आहे!"

डाव कोणालाच कळला नाही. सुकरामने पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. एवढ्यात बाहेर जीप थांबली.

साहेबांनी भिंत पाहिली. "परवाना कुठे आहे?"

दुर्गाप्रसाद छाती काढून म्हणाले, "साहेब, तपास निर्णायक वळणावर आहे."

"सरका जी, धूळ पुसू द्या," म्हणत झाडझूड करणाऱ्या धुरपताबाईंनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. मागे, त्याच खिळ्याला, काचेच्या चौकटीत परवाना होता. धुरपताबाईंनी काचही पुसली.

साहेबांनी परवान्यावरचा नंबर टिपला, परवाना सगळ्यांना दिसेल असा ठेवा म्हणाले आणि निघून गेले. निर्मलाबाई खुर्चीत बसल्या.

"कॅलेंडर लावलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"काल तुम्ही नव्हत्या तवा यांनीच. मी स्टूल धरला होता," सुकराम म्हणाला. "आयता खिळा दिसला. सकाळपासून तेच सांगून राहिलो."

दुर्गाप्रसाद उत्तर देणार, तोच त्यांचा फोन वाजला. चौकातल्या मेडिकलवाल्यांचं लायसन भिंतीवरून गायब होतं. पाठोपाठ पिठाच्या गिरणीवाल्यांचा फोन आला.

"सुकराम, टोळी मोठी आहे!" त्यांनी स्कूटीची चाबी काढली. "उरलेली आठ कॅलेंडरंही आताच लावून टाकू. लोकांना धीर येईल."

निर्मलाबाईंनी स्टीलचा डबा पुढे सरकवला. "चाबी टाका जी भाऊ यात."

"पण मी थेंबभरही प्यायलो नाही!"

"तेच त भेव हाये," बाई म्हणाल्या. "प्यालेला सकाळी शुद्धीवर तरी येते."