काल सपन्यात काय प्यालात?

आमच्या डायलिसिस सेंटरच्या दारात बक्षीकाका कोणालाही नमस्कार करत नाहीत. एकदम विचारतात, "काल सपन्यात काय प्यालात?"

नवा पेशंट बावचळतो. जबलपूरचा उन्हाळा, त्यात मूत्रपिंडांनी संप केलेला, डॉक्टरांनी दिवसाचं पाणी पेला-दीड पेल्यावर आणलेलं. आणि दारातच हा इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा पिण्याच्या गोष्टी काढतो. मग एखादा जुना पेशंट समजावतो, भैया, सांगून टाका, इथं सगळेच पितात. खरंच पितात. आमच्यासारख्यांचा डोळा लागला की पाणीच दिसतं. हे कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, काकांनी शोधून काढलं.

काका खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. आमचं सेंटर एक संस्था चालवते आणि तिथं ते हौसेनं वजनकाट्यापाशी उभे असतात. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत प्यालेलं सगळं अंगातच साठतं, त्यामुळे मशीनवर घेण्याआधी वजन बघावं लागतं. काटा चुगली करतोच. "मास्तरीणबाई, चहा कपातून प्यालात का बादलीतून?" असं ते मला सगळ्यांसमोर विचारतात.

पण स्वप्नातल्या पाण्याला पूर्ण सूट. कुंडम गावाहून बसनं येणारे भैयालाल एकदा लाजत म्हणाले, "काका, कल तो पूरा कुआँ पी गए."

काकांना कोण आनंद. "अच्छा. पानी मीठा था?"

"मीठा था. एक मेंढक भी था."

"उसको छोड़ दिया न?"

त्या बेडकापायी भैयालाल त्या दिवशी चारही तास मशीनवर मधूनमधून हसत होते.

माझी मात्र पंचाईत. मी शाळेत गणित शिकवते आणि मला स्वप्नंच पडत नाहीत. काकांना याची काळजी. "निजायच्या आधी थोडा नर्मदेचा विचार करत जा जी," त्यांनी सुचवलं. मी केला. झोप छान लागली, बाकी काही नाही.

मशीनवरचे चार तास विचित्र असतात. पंखा फिरतो, रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि आपण ना धड जागे ना धड झोपलेले. अशाच एका दुपारी काका माझ्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले होते. मी अर्धवट गुंगीत विचारलं, "काका, तुम्ही आम्हाला हे काहून विचारता?"

त्यांनी खाटेच्या कडेवरून हात फिरवला.

"आमची घरवाली, मालती, इथंच यायची. याच खाटेवर. शेवटच्या दिवशी अर्धा गिलास पाणी मागून राहिली होती. मी म्हटलं, वजन वाढून राहिलं तुझं, उद्या डायलिसिस झालं की देतो. नियमानं बरोबरच होतं माझं. पण तो उद्या आलाच नाही."

त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"आता सपन्यात येते. रिकामा गिलास घेऊन उभी राहते. मी माठाकडे जायला उठतो, अन् जाग येऊन जाते. तुम्ही लोक सांगता ना, इतकं प्यालो, तितकं प्यालो, तर बरं वाटते. तिकडं पाणी आहे म्हणजे. तिलाही कोणी देत असन."

घरी आले तरी तो रिकामा गिलास डोळ्यांपुढून हलेना.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारायच्या आतच मी म्हटलं, "काका, मला स्वप्न पडलं."

"अच्छा? काय प्यालात?"

"मी नाही प्याले. नर्मदेच्या ग्वारीघाटावर एक बाई होत्या, ओंजळीनं पाणी पिऊन राहिल्या होत्या. नाव विचारलं, तर म्हणाल्या, मालती बक्षी."

काकांचा हात काट्यावर होता, तो तिथंच राहिला.

"किती प्याली?"

"पोटभर. मग पदरानं तोंड पुसलं, अन् पायरीवर निवांत बसल्या."

"माझ्यावर रागावली नव्हती ना?"

वर्गात मी मुलांना खोटं बोलू नका म्हणून किती दरडावलंय. "नाही," मी म्हटलं. "म्हणाल्या, ह्यांना सांगा, भागली माझी तहान."

काकांनी चष्मा काढला आणि पुसायचं विसरून तसाच हातात धरून उभे राहिले. माझ्या मागं भैयालाल थांबले होते. त्यांनी त्या दिवशी आपलं वजन आपणच बघून घेतलं.