भिवरा खार आणि वर्षभराचे ठसे

मुलांनो, एका जंगलात टपालखातं होतं. जंगलात टपालखातं कशाला, असं विचारू नका. जिथे साहेब असतो तिथे खातं असतंच, आणि या जंगलात साहेब होते.

त्या खात्यात भिवरा नावाची एक खार नव्याने कामाला लागली. नदीच्या दक्षिणकाठची ऐंशी घरं तिच्या वाट्याला आली. घरं म्हणजे बिळं, ढोल्या, घळी आणि करवंदीच्या जाळ्या. तिच्या आधी तीस वर्षं तिथलं टपाल दगडूमामा साळिंदर वाटत होते. आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून महिन्याभरात ते सुटणार होते. जाता जाता नव्या खारीला काम शिकवा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

भिवरा चपळ होती आणि तिला ते ठाऊकही होतं. पहिल्या दिवशी ती पिशवी घेऊन सुसाट निघाली. वरचं पत्र टेकडीवरच्या अस्वलाचं होतं, म्हणून ती टेकडीवर गेली. त्याखालचं नदीकाठच्या खेकड्याचं निघालं, म्हणून खाली आली. तिसरं निघालं अस्वलाच्या शेजारणीचं, म्हणून पुन्हा वर. संध्याकाळी ती परतली तेव्हा पिशवीत निम्मी पत्रं तशीच होती आणि शेपटीचा पार खराटा झाला होता.

मामा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला निघूच दिलं नाही.

"आधी बस," ते म्हणाले. "सगळी वाट एकदा मनात चालून ये. ज्याचं घर आधी, त्याचं पत्र वर. पाय नंतर चालव."

मामांची स्वतःची पद्धत सोपी होती. ओढ्याकाठची पत्रं ते मानेवरच्या काट्यांना टोचून ठेवत, टेकडीची पाठीवरच्या, आणि नदीकाठची शेपटीकडच्या. भिवराला काटे नव्हते. तिने वेलीचे तीन तुकडे घेतले आणि तीन जुड्या बांधल्या.

मग मामांनी तिला बारीकसारीक गोष्टी शिकवल्या. अस्वलाला सकाळी उठवायचं नाही, पत्र दारातल्या दगडाखाली सरकवायचं, कारण उठलेलं अस्वल तासभर बोलतं. मोराच्या दारात पाठ फिरवून उभं राहायचं, नाहीतर तो पिसारा दाखवतो. ओढा भरला की जांभळीच्या फांदीवरून पलीकडे जायचं. आणि तरसआजीला दिसत नाही, तेव्हा तिचं पत्र वाचून दाखवल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

भिवराने विचारलं की त्यात वेळ जाणार नाही का.

मामा म्हणाले, "जाईल की. पण नुसता कागद टाकून आलीस, तर तिचं पत्र पोचलंच नाही."

महिन्याभरात भिवरा तयार झाली. ती सूर्य डोक्यावर यायच्या आत ऐंशी घरं करून यायची, आणि त्यात तरसआजीचं वाचनही व्हायचं. मामा सुखाने सुटले आणि टेकडीमागे राहायला गेले.

इथे गोष्ट संपली असती. पण मुलांनो, मी तुम्हाला साहेबांबद्दल सांगितलंच नाही.

साहेब म्हणजे गवेसाहेब. ते अर्जुनाच्या झाडाखाली बसत. त्यांची शिंगं मोठी होती आणि स्वभाव प्रामाणिक होता. एके दुपारी त्यांनी भिवराला फांदीवर बसून उंबर खाताना पाहिलं आणि त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. काम दुपारी संपत असेल, तर ते नीट होत नसणार, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्यांनी रात्रभर रवंथ करत विचार केला आणि सकाळी नवा नियम काढला. प्रत्येक पत्रामागे पोचपावतीच्या वहीत घेणाऱ्याच्या पंज्याचा ठसा घ्यायचा, तोही तीन जागी. ठसा जांभळाच्या रसाचा असावा आणि तो वाळेपर्यंत वही मिटू नये.

आता भिवराचा एकेका दारात किती वेळ जाऊ लागला, ते तुम्हीच बघा. मोर कोणतं बोट शोभून दिसेल याचा विचार करत बसे. खेकडा आपल्या आठ पायांपैकी कोणता द्यावा, हे बायकोला विचारायला आत जाई. धामणीला तर पंजाच नव्हता. तिचं प्रकरण साहेबांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. भिवरा पुन्हा तिन्हीसांजेला परतू लागली आणि पिशवीत पुन्हा पत्रं उरू लागली.

साहेबांना मात्र बरं वाटलं. खार आता दमलेली दिसत होती.

नदीच्या उत्तरकाठची साठ घरं निवांतराव अजगरांकडे होती. त्यांना चालताना कोणी पाहिलं नव्हतं, पण त्यांची वही नेहमी भरलेली असे. एकही जागा कोरी नाही, एकही ठसा फिसकटलेला नाही. साहेब ती वही सगळ्यांना दाखवत आणि भिवराला म्हणत, यांच्याकडून काहीतरी शीक.

भाद्रपद लागला. एका सकाळी वरच्या जंगलातल्या वानरांचा निरोप आला. डोंगराचा कडा कोसळून नदी तुंबली होती. दरड उद्या दुपारपर्यंत फुटणार आणि सगळं पाणी एकदम खाली येणार. साहेबांनी ताबडतोब एकशेचाळीस पत्रं लिहवून घेतली. त्यात लिहिलं होतं, घर सोडा आणि टेकडीवर जा. ऐंशी भिवराला मिळाली, साठ निवांतरावांना. पत्र फार महत्त्वाचं असल्यामुळे या वेळी ठसे सहा जागी घ्यावेत, असंही साहेबांनी सांगितलं.

भिवरा वही उघडून उभी राहिली. ऐंशी घरं, सहा-सहा ठसे. तीन दिवस लागले असते, आणि हातात दीड दिवस होता. तिला साहेबांची भीती वाटत होती. ही तिची पहिलीच नोकरी होती आणि घरी म्हातारी आई होती. पण तिला हेही कळत होतं की चौथ्या दिवशी ठसा द्यायला कोणी उरणार नाही. तिने वही अर्जुनाच्या बेचक्यात खोचली आणि ती पळत सुटली.

त्या दिवशी तिने वाट उलटी धरली. नदीकाठची घरं रोज शेवटी यायची, ती तिने आधी घेतली. पत्र हातात द्यायचं, तोंडाने सांगायचं, ऐकणारा उठला की पुढे. तरसआजीला तिने वाचून दाखवलं आणि दोन कोल्ह्यांच्या खांद्यावर देऊन टेकडीकडे रवाना केलं. अस्वलाला तिने गदागदा हलवून उठवलं. ते बोलायला लागलं, तेव्हा तिने त्याच्या पाठीवर खेकड्याची नऊ पोरं बसवली आणि चढ दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. दक्षिणकाठची खालची घरं सगळी गेली. पण राहणारे सगळेच्या सगळे टेकडीवर होते, भिजलेले आणि एकमेकांवर चिडलेले.

उत्तरकाठावर सहा बिळं वाहून गेली. गोदा नावाच्या सशिणीची तीन पिल्लं सापडली नाहीत.

चौकशी बसली. आधी गोदाला बोलावलं. ती म्हणाली की पाण्याबद्दल तिला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. साहेबांनी निवांतरावांची वही तिच्यापुढे उघडली.

"हा ठसा तुझाच ना?"

गोदाने पाहिलं. ठसा तिचाच होता. ती मान खाली घालून निघून गेली. उत्तरकाठची साठही पत्रं रीतसर पोचली होती, असं चौकशीत सिद्ध झालं. पत्र मिळूनही रहिवासी हलले नाहीत, याबद्दल साहेबांनी खेद व्यक्त केला.

मग भिवराची वही उघडली. त्या दिवसाचं पान कोरं होतं.

"ऐंशी पत्रं पोचलेली नाहीत," साहेब म्हणाले.

"साहेब, ती माणसं जिवंत आहेत. बाहेरच उभी आहेत."

"असतील. पण त्याची वहीत नोंद कुठे आहे?"

(मुलांनो, जंगलातही राहणाऱ्यांना माणसंच म्हणतात. निदान भिवरा तरी म्हणायची.)

चौकशी माघ महिन्यापर्यंत चालली. निकाल सौम्य होता. भिवरा नवखी आहे, कामाची तळमळ आहे, पण पद्धत नाही. तेव्हा तिने एक महिना निवांतरावांच्या हाताखाली प्रशिक्षण घ्यावं.

भिवरा टेकडीमागे मामांकडे गेली. नोकरी सोडते, म्हणाली. त्या अजगराकडून शिकण्यापेक्षा बोरं वेचून पोट भरीन. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते गुडघ्यांना तेल चोळू लागले.

"तू सोडलीस तर ऐंशी घरं कोणाकडे जातील?" त्यांनी विचारलं.

भिवराला उत्तर ठाऊक होतं. ती घरं निवांतरावांकडेच जाणार होती.

"मग जा आणि शिकून घे," मामा म्हणाले. "मी तुला चालायला शिकवलं. तो बसायला शिकवील. कोणती विद्या कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही."

निवांतराव स्वभावाने चांगले होते. त्यांनी भिवराला ढोलीत जागा करून दिली आणि तीन दिवस झोपून झाल्यावर शिकवायला सुरुवात केली. त्यांची युक्ती एका वाक्याची होती. पाडव्याला सगळे शुभेच्छा द्यायला येतात, तेव्हाच रस पुढे करायचा आणि प्रत्येकाकडून वर्षभराचे ठसे एकदम घेऊन टाकायचे. सणाच्या दिवशी कोणी नाही म्हणत नाही. मग वर्षभर वही बघायला नको.

"आणि पत्रं?" भिवराने विचारलं.

निवांतराव थोडे सरकले. त्यांच्या वेटोळ्याखाली पत्रांची गादी होती.

"थंडीत कागद फार उबदार असतो," ते म्हणाले आणि पुन्हा झोपले.

भिवराने ती गादी उपसली. तीन वर्षांची पत्रं निघाली. लग्नाची होती, आजारपणाची होती, आणि वर पाण्याच्या सूचनेची साठ होती. साठातलं एक गोदाचं होतं. डिंकाची मोहोर अजून फुटलेली नव्हती.

ही पत्रं मी वाटू का, असं तिने विचारलं. निवांतरावांनी झोपेतच आनंदाने होकार दिला.

बाकीची पत्रं वाटणं सोपं होतं. गोदाच्या दारापाशी ती थांबली. आता हे पत्र देऊन काय होणार, असं तिच्या मनात आलं. पण गोदाच बाहेर आली. ती खूप वाळली होती.

"मी आठवायचा प्रयत्न करते," गोदा म्हणाली. "ठसा माझाच होता ना. म्हणजे पत्र मी घेतलं असणार. कुठेतरी ठेवलं असणार आणि विसरले असणार. पोरं असताना लक्ष राहत नाही."

भिवराने पिशवीतून पत्र काढलं आणि मोहोर वर करून तिच्या पंज्यात ठेवलं.

गोदाने मोहरेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मला आलंच नव्हतं."

"नाही गं गोदाताई. आज येतंय."

गोदा तिथेच खाली बसली. भिवराही शेजारी बसली. त्या दिवशी उरलेली पत्रं तिने दुसऱ्या दिवशी वाटली.

पाडवा आला. भिवरा जांभळाच्या वाळवलेल्या सालांचा रस करून मडकंभर घेऊन निघाली आणि दक्षिणकाठच्या प्रत्येक दारात तिने खरं ते सांगितलं. वर्षभराचे ठसे आज द्या, म्हणजे वर्षभर मला पत्रं देता येतील. लोकांनी एका शब्दाने विचारलं नाही. मोराने पहिलं सापडलं ते बोट दिलं. खेकड्याने आठही पाय बुडवले. संध्याकाळी वही शेवटच्या पानापर्यंत भरली. भिवराने ती साहेबांपुढे ठेवली आणि पुन्हा कधी उघडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारच्या आत दक्षिणकाठ करू लागली. दुपारनंतर ती पोहून नदीपलीकडे जाई, निवांतरावांच्या ढोलीतून त्या दिवशीची पत्रं उचली आणि उत्तरकाठ करी. निवांतरावांची काही हरकत नव्हती. गादी पातळ झाली, एवढीच त्यांची तक्रार होती. गोदाच्या बहिणीची पत्रं आता तिला महिन्याच्या महिन्याला मिळत.

वर्षअखेरीला खात्याचा समारंभ झाला. निवांतरावांना उत्कृष्ट गुरू म्हणून हार घातला. हार गळ्यात कुठे थांबवायचा, यात थोडा वेळ गेला. भिवराला उत्कृष्ट शिष्या म्हणून नारळ मिळाला. गवेसाहेब भाषणात म्हणाले की ही खार पूर्वी दिवसभर धावपळ करायची आणि हिची पानं कोरी राहायची. प्रशिक्षणानंतर हिने वर्षाचं काम पहिल्याच दिवशी पूर्ण केलं. शिस्त म्हणजे काय, ते यावरून कळतं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भिवराने नारळ आईला दिला, साहेबांना नमस्कार केला आणि भाषण संपायच्या आत ती निघाली. टेकडीकडची जुडी अजून वाटायची होती.

तात्पर्य : ज्याला मनापासून काम करायचं असेल, त्याने आधी एखाद्या चांगल्या गुरूकडून कामचुकारपणा शिकून घ्यावा.