न्यू जर्सीत थांबायचं नाही!

"थांबलास तर संपलो आपण, गाढवा!"

"न थांबता तरी कुठे वाचतोय, आजोबा? काटा बघा, तळाला टेकलाय!"

"मग ढकलत नेऊ!"

"डेलावेअरात म्हणत होतो ना, पेट्रोल भरू! तेव्हा तुम्हाला घाई!"

हे मी आणि हायरमआजोबा, न्यू जर्सीच्या हायवेवर. शाळा मी सोडलीये, पण पेट्रोलचा काटा वाचता येतो मला!

घरून निघताना म्हातारा छाती फुगवून म्हणाला होता, "कोल्बी, प्रत्येक राज्याचा बंदुकीचा कायदा मला तोंडपाठ आहे. तू डोळे झाकून चल!" गाडी चालवणाऱ्याला असं सांगतात का कुणी?

आम्ही पणजोबांची रायफल पोचवायला निघालो होतो. दोन भावांत मिळून एकच. एक वर्ष आमच्याकडे व्हर्जिनियात, एक वर्ष अमोसआजोबांकडे, वर मेन राज्यात. यंदा पाळी अमोसआजोबांची, आणि परवा उजाडताच हरणांची शिकार सुरू. तोवर रायफल पोचली नाही, तर 'हायरमनं बळकावली' म्हणून तो खानदानभर बोंब मारणार, आणि दोघा भावांचं बोलणं पुन्हा बंद. मागच्या भांडणात तर एकमेकांच्या लग्नालाही गेले नव्हते!

आमच्या गावात बंदूक म्हणजे छत्री. कोण विचारतो? पण आमच्या न्हाव्यानं आजोबांच्या मनात भरवलं होतं, "न्यू जर्सीतून नुसतं पार व्हायचं. बंदूक रिकामी, कुलपात, हाताशी नको. आणि थांबलास की जप्ती!"

मग काय! पिकअपला डिकी नाही, म्हणून रायफल शेडमधल्या दोन सारख्या लोखंडी पेट्यांतल्या एकीत, आणि पेटी मागच्या हौद्यात. तिला कुलूप. वर गादी. गादीवर भोपळे. आणि किल्ली हाताशी नको, म्हणून ती चक्क टपालानं अमोसआजोबांकडे पाठवून दिली!

शेवटी इंजिननं उचकी दिली. मी सरळ पंपावर वळलो.

"पूर्ण थांबू नकोस!" असं ओरडत म्हाताऱ्यानं चालत्या गाडीतून उडी मारली, नळी उपसली आणि टाकीत खुपसली. गाडी पुढे, आजोबा नळी धरून मागे!

तेवढ्यात पंपावरची बाई वीज कोसळावी तशी कडाडली, "ओ! हात काढा आधी! हे बेकायदा आहे इथे!"

आजोबांनी दोन्ही हात वर केले. नळीसकट! पेट्रोलचा फवारा बाईंच्या बुटांवर.

"वडिलांची आहे!" म्हातारा रडकुंडीला. "भरलेली नाहीये! पोराला काही माहीत नाही!"

शेजारीच एक पोलीस गाडीला टेकून सँडविच-कॉफी घेत होता. घास तोंडापाशीच थांबला. "काय भरलेलं नाही?"

"बंदूक!"

झालं! मला तर पणजोबांची रायफल पोलीस चौकीच्या भिंतीवर टांगलेली दिसायला लागली.

भोपळे उतरवले. गादी उतरवली. पोलिसानं कुलूप ओढून पाहिलं. "किल्ली?"

"मेनला."

"कशी गेली?"

"टपालानं, साहेब. हाताशी नको म्हणून."

तो इतका हसला की कॉफी नाकातून बाहेर आली. "अहो काका, इतकं कायद्यानं वागणारा माणूस माझ्या नोकरीत पाहिला नाही मी! जा मेनला. मध्ये पेट्रोलला थांबलात तर काही बिघडत नाही. फक्त नळीला हात लावू नका. आमच्याकडे आपलं आपण पेट्रोल भरणं बेकायदा आहे. ते काम या बाईंचं."

"म्हणजे बंदूक चालते आणि पेट्रोल नाही?" आजोबा भडकले. मी त्यांना गाडीत कोंबलं. बाईंनी आमच्याकडे न बघता टाकी भरली.

आज सकाळी मेनला पोचलो. आजोबांची छाती पुन्हा फुगलेली! अमोसआजोबांनी टपालानं आलेली किल्ली लावली, झाकण उघडलं.

आत नट-बोल्टचे पाने, ट्रॅक्टरची साखळी आणि गंजलेला जॅक.

"वा हायरम! हरणाला जॅक लावून उचलू काय मी?"

"अरे, पेट्या सारख्या होत्या रे..."

"सारख्या! चल, मी येतो सोबत. पेटी माझ्यासमोर उघडायची!"

आता एका सीटवर दोघं म्हातारे, मध्ये एक भोपळा. परवा उजाडायच्या आत व्हर्जिनियाला जाऊन परत यायचंय. न्यू जर्सीतून. दोनदा! अमोसआजोबा हॉर्न वाजवतायत. आणि हायरमआजोबा हातात टपालाचं पाकीट घेऊन, त्यात घालून पाठवायला दुसऱ्या पेटीची किल्ली शोधतायत... अहो आजोबा, ती ठेवा खिशात! निघतो मी!