परसातली पात

मंगळवारी पुण्याहून साकेतचा फोन आला, तेव्हा मधुसूदनराव करपलेलं दुधाचं पातेलं राखेनं घासत होते.

"रविवारी येतोय, बाबा. एकट्यानं जमत नसेल तर परतताना सोबतच घेऊन जाईन तुम्हाला."

"सगळं जमतंय," म्हणत त्यांनी पातेलं मोरीत लपवलं. (फोनवरून दिसत नाही, हे दोन मिनिटांनी ध्यानात आलं.)

चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारा, कापूस खरेदी केंद्रावरचा हा पारखी माणूस. पण कापसाचे दिवस फिरले, केंद्र बंद पडलं, आणि त्याच वर्षी बायको, शोभा, गेली. राळेगावचं घर सोडून पुण्यात मुलाच्या सहाव्या मजल्यावर राहायला जायची त्यांची तयारी नव्हती.

रविवारी भात जरा सैल झाला. (पेज म्हटली असती तर उत्तम होती.) भिस्त सगळी चहावर. शोभाच्या चहाला गवती चहाचा वास असे. परसात नाल्याच्या काठाशी पुरुषभर उंच गवताचं बेट होतं, जांभळट तुऱ्यांचं. त्यांनी मूठभर पात कापून उकळली. गेले चार महिने रोज तेच करत होते.

"आईसारखाच झालाय," साकेत म्हणाला आणि दुसरा कप मागितला. मधुसूदनराव फुलले. तेवढ्यात शेजारच्या इंदूबाई भाकरी घेऊन आल्या, तर त्यांनाही कप दिला. इंदूबाईंनी एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"भाऊ, ह्यात काय टाकून राह्यले?"

"गवती चहा. परसातला."

"थो वाळा होय. कूलरच्या टाटीत घालतात, थो. त्याचा वास मुळाले असते, पानाले काई नाई."

"मग लावला कायले?"

"श्रावणात नाला फुगला, माह्यं अर्धं परस वाहून गेलं. तुमचं गेलं काय? माणसाएवढी खोल मुळं जातात त्याची, माती सोडत नाईत. शोभाताईनं लावला थो. चहाची पात त्या माह्याच घरून नेत."

मधुसूदनराव मुलाकडे वळले. "आणि तू आईसारखा काहून म्हणाला?"

"तुम्ही गाळणी घेऊन समोरच उभे होता, बाबा."

आधी साकेतला हसू फुटलं, मग इंदूबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या स्वयंपाकघरात कितीतरी महिन्यांनी कोणी हसत होतं.

निघताना साकेत म्हणाला, "राहा इथंच. शेजार आहे, जमेल. मावशी, चहा तेवढा तुमच्याकडे."

संध्याकाळी मधुसूदनराव परसात गेले. एक चिमणी तुऱ्यावर झोके घेत होती. पंधरा वर्षं ते गवत तिथं उभं होतं. ते कोणतं, हे शोभाला विचारायचं राहून गेलं होतं.