हात सैल सोडा, महाराज

"हातात बांगड्या भरल्यात काय?" हे वाक्य तुम्ही शेवटचं कुणाला ऐकवलंत? नीट आठवा. मुलाला, धाकट्या भावाला, की हापिसातल्या एखाद्या मवाळ माणसाला? स्वतः म्हणाला नसाल तर दुसऱ्याने म्हटलेलं ऐकून हसला तरी असाल.

हेच वाक्य आमच्या गावात सदूकाका कासाराच्या देखत म्हणून बघा. आमचं गाव संगमेश्वराहून एसटीने तासाभरावर. तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत सदूकाका बसलेला असतो. वाक्य कानावर पडलं की तो बशी खाली ठेवतो, बोलणाऱ्यापाशी जातो, त्याचा हात आपल्या हातात घेतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघतो आणि गंभीरपणे सांगतो, "पावणेतीनचं माप. हाड जाड हाय, पण बसेल. रंग कुठला देऊ?"

पोलीसपाटलांचंही माप त्याने असंच घेतलंय. तेव्हापासून पाटील भांडताना दुसरी शिवी वापरतात.

"माझ्या धंद्याची बदनामी हाय ही," सदूकाका म्हणतो. "मी जन्मभर बायांचे हात बघतोय. लाकडं फोडलेले, चिखलात लावणी केलेले, तव्यावर भाजलेले. घाबरट हात म्हणून मला एक दिसला नाय. बांगडी ही भित्र्याची खूण, असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याला मला एकदा भेटायचंय."

भेटला तर सदूकाका काय करील हा प्रश्नच आहे. कारण सदूकाकाइतका भित्रा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नाही. तो पालीला भितो. कुर्लीला, म्हणजे खेकड्याला भितो, शिजवलेल्यालासुद्धा. पोस्टातला फोन वाजला की तो पोस्टाबाहेर येतो. आमच्या वहाळावर लाकडी साकव आहे. तो ओलांडताना सदूकाका डोळे मिटतो आणि पुढे चाललेल्या बाईच्या टोपलीला धरतो. एकदा ती टोपली कोंबड्यांची निघाली, तेव्हा त्याला टोपलीलाही भ्यावं लागलं.

कुणी हसलं तर त्याचं उत्तर तयार असतं. "मी भीत नाय. जपतो. काचेच्या धंद्यात जपावंच लागतं." डोक्यावर बांगड्यांची पेटी नसली तरी उत्तर हेच.

आणि हाच सदूकाका देवीच्या जत्रेतल्या नाटकात राणी होतो.

हे नाटक आमच्या आजोबांच्या आधीपासूनचं. गावात त्याला नुसतं 'राणीचं नाटक' म्हणतात. गडाला वेढा पडतो. राजा घाबरतो आणि चोरदरवाजाने पळू लागतो. राणी त्याला अडवते, "महाराज, हातात बांगड्या भरा आणि तलवार मला द्या" असं सुनावते आणि स्वतः लढायला जाते. शरमलेला राजा परत फिरतो आणि मारला जातो. मग राणी त्याच्या प्रेतावर हात आपटून बांगड्या फोडते आणि चितेत उडी घेते. पडदा. गाव हुंदके देत घरी जातं.

सदूकाकाला ती राणी शोभते. बेताची उंची, गोरा रंग, गुळगुळीत दाढी आणि नऊवारीचा घोळ असा सांभाळतो की बाया शिकून घेतात. शत्रूच्या वकिलाला "चालता हो" म्हणताना त्याचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जातो. साकवावर डोळे मिटणारा तो हाच, हे पटत नाही. राजा होतो भिकाजी, ट्रक चालवणारा, दाराएवढा माणूस. त्याला स्टेजवर भीती दाखवायला फार कष्ट पडत नाहीत, कारण सदूकाकाची राणी समोर आली की तो खरोखरच बिचकतो.

एका वर्षी तर धमाल झाली. "महाराज, हातात बांगड्या भरा" या वाक्याला सदूकाकाने भिकाजीचा हात धरला. इतक्या वर्षांची हाताची सवय. त्याची बोटं आपोआप त्या हाताची बोटं एकत्र करून दाबू लागली आणि राणीच्या तोंडून निघून गेलं, "हात सैल सोडा, महाराज."

बांगडी भरताना तो प्रत्येक बाईला हेच सांगतो. मांडवातल्या बायकांच्या बाजूने जे हसू फुटलं ते थांबेना. भिकाजीने खरंच हात सैल सोडला. वेढा, गड, शत्रू सगळं बाजूला राहिलं. आजही आमच्या गावात कुणी उगाच ताठलं तर बाया म्हणतात, "हात सैल सोडा, महाराज."

मी या नाटकावर पत्रक काढलं होतं. माझे बाबा मुंबईला गिरणीत. दिवाळीला येताना ते मिठाईच्या पुड्याबरोबर पत्रकांचा गठ्ठा आणत. त्यामुळे 'क' कमळाचा शिकण्याआधी मी 'क' कामगाराचा शिकले. पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागले. या पत्रकात मी विचारलं होतं: राजा भितो, तर त्याच्या भीतीला तीन अंक आणि मरताना एक पद. राणी भीत नाही, तर तिला बक्षीस काय? चिता. शूर बाईला जिवंत ठेवायची या नाटकाला एवढी भीती का वाटते?

पत्रक गावात कुणी वाचेना. सदूकाकाने मात्र अख्खा गठ्ठा मागून घेतला. मी हरखले. दोन दिवसांनी कळलं की तो त्यात बांगड्या बांधून देतोय.

मी तावातावाने त्याच्या ओटीवर गेले. "काका, हे काय?"

"काय गो बाय?" तो म्हणाला. "तू चावडीवर वाटलंस, पुरुषांनी विड्या पेटवल्या. मी बांगड्यांना गुंडाळलं. आता ते प्रत्येक बाईच्या फडताळात गेलं. बाया कागद फेकत नाय. दुपारी वाचतात."

पुढच्या पत्रकाचा कागद मी जरा जाड घेतला.

आतून सदूकाकाची मोठी बहीण चहा घेऊन आली. तिला सगळे आक्का म्हणतात. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच. सदूकाकाने लग्न केलं नाही. भावाबहिणीचं ते घर. भिंतीभर बांगड्या टांगलेल्या, हिरव्या, लाल, मोरपंखी, वाऱ्याने किणकिणणाऱ्या. आक्का रोज त्या पुसते, रंगांप्रमाणे लावते, दोऱ्यात ओवते. तिचे हात मात्र रिकामे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. इतक्या वर्षांत सदूकाकाच्या राणीने बांगड्या कधी फोडल्याच नाहीत. राजा पडला की राणी धावत येते, दोन्ही हात वर करते आणि बेशुद्ध पडते. पडदा. लोक म्हणत, कासार आहे, माल फोडायला जीव होत नसेल. काही म्हणत, काच लागेल म्हणून भितो. सदूकाका म्हणे, "भीत नाय, जपतो."

गेल्या वर्षी नाटक बसवायला मुंबईहून वसंतदादा आला. गावचाच माणूस, पण तिथे मोठ्या मंडळींची नाटकं बघून आलेला, गळ्यात मफलर. पहिल्याच तालमीत त्याने राणीची मूर्च्छा थांबवली.

"सदू, ऊठ. बेशुद्ध काय पडतोस? नाटकात काय लिवलंय? बांगड्या फोडते. काच उडाली पाहिजे. पब्लिक रडलं पाहिजे."

"तसं जमायचं नाय, दादा."

"का?"

"कासाराच्या तोंडात फुटली हा शब्दसुद्धा नाय येत. आम्ही वाढवली म्हणतो."

"मग वाढव. पण आपटून वाढव. नायतर पुढल्या वर्षापासून राणी दुसरा. बाजारपेठेतला बाळू कधीचा मागे लागलाय."

सदूकाकाचा चेहरा एवढासा झाला. राणी गेली तर त्याच्यापाशी काय उरत होतं? पाल, कुर्ली आणि साकव. वर्षातली एक रात्र तो कुणालाच भीत नसे, आणि तीच पणाला लागली होती.

तालमीहून परतताना मी त्याच्यासोबत होते. साकव आला. त्याने माझ्या पिशवीचा बंद धरला, डोळे मिटले. मधोमध पोचल्यावर मी म्हटलं, "काका, माझा या नाटकावर राग आहेच. राणीला नाटककाराने माणूस ठेवलंच नाही. तिला एका जागी तरी भीती वाटायला हवी होती."

"वाटते ना," तो डोळे मिटूनच म्हणाला. "लिवलेली नाय, पण वाटते. हात वर करते तेव्हा वाटते."

"कशाची?"

"बांगड्यांची."

साकव संपला तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

"आक्काच्या वेळेला मी बारका होतो. पण बाबांनी मला काम शिकवलं होतं. भरायला सोपं असतं गो, अखंड काढायला कठीण. हात सैल सोडायला लावायचा, बोटं जुळवायची, घाई करायची नाय. मला येत होतं. बायका तिला धरून बसल्या आणि तिचे हात उंबऱ्यावर आपटले. तिच्या मनगटाला वण हाय अजून. मला कुणी विचारलंच नाय. मी अखंड काढून दिल्या असत्या."

एवढं बोलून त्याने डोळे उघडले, समोर बेडूक दिसला, आणि तो पुन्हा माझ्या मागे लपला.

जत्रेचं नाटक उजाडता उजाडता संपायला आलं. राजा पडला. विंगेत वसंतदादा उभा, मफलर मुठीत आवळून. बायकांच्या बाजूला खांबाशी आक्का बसलेली. ती दर वर्षी शेवटच्या प्रवेशाआधी घरी जायची. त्या वर्षी का बसून राहिली ते मला माहीत नाही.

राणी धावत आली. हात वर केले. आणि सदूकाका बेशुद्ध पडला नाही.

तो राजाच्या प्रेताशेजारी मांडी घालून बसला. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने जुळवली. अगदी हळू, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येईल असं म्हणाला, "हात सैल सोड, बाय."

कुणी हसलं नाही. त्याने पहिली बांगडी काढली. अखंड. प्रेताच्या छातीवर ठेवली. मग दुसरी. दोन्ही हात रिकामे होईपर्यंत तो काढतच राहिला. घाई नाही, पद नाही, हुंदका नाही. भिकाजी मेलेला असूनही एक डोळा उघडून बघत होता. छातीवर बांगड्या रचल्या होत्या, म्हणून त्याने श्वासही जपून घेतला. शेवटी राणीने सगळ्या बांगड्या पदरात बांधल्या, उठली आणि चिता होती त्याच्या नेमक्या उलट्या बाजूने निघून गेली.

पडदा ओढणाऱ्याला पडदा ओढायचं सुचेना.

वसंतदादा काय काय बोलला ते लिहिण्याजोगं नाही. मथितार्थ असा, की पब्लिक रडलं नाही आणि राणी मेली नाही. राणी जिवंत घरी गेली, हे नाटक कुठलं? मला विचाराल तर मी इतक्या वर्षांत पाहिलेलं ते पहिलं बरं नाटक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन पत्रकांचा गठ्ठा घेऊन सदूकाकाकडे गेले. तो ओटीवर एकटाच, दोऱ्या गुंडाळत बसलेला. आत मोरीवर आक्का भांडी घासत होती. आणि आतून किणकिण येत होती.

वारा पडलेला होता. भिंतीवरच्या बांगड्या हलत नव्हत्या.

मी कान दिला. सदूकाका एकदम मोठ्याने बोलायला लागला. पावसाचं, एसटीचं, बाळूच्या आवाजाचं. मग त्यालाच ते पुरेना. "कपबश्या," तो म्हणाला. "आक्का कपबश्या घासतेय."

"हो ना," मी दारातून आक्काच्या हातांकडे बघत म्हटलं. "काचेच्या दिसतायत. लाल."

आतली किणकिण क्षणभर थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"दार लोटून घे गो," सदूकाका कुजबुजला. "रस्त्यावर ऐकू जाईल."

"काका, भिताय?"

त्याने मान खाली घातली. दोरीचा गुंता सोडवत म्हणाला, "भीत नाय, बाय. जपतो."

या वर्षी राणी बाळू झाला. त्याला बांगड्या भरायला पडद्यामागे अर्थातच सदूकाका. शेवटच्या प्रवेशात बाळूने प्रेतावर हात आपटले. एकदा आपटले, दोनदा आपटले. भिकाजी कळवळला. बांगडी एक फुटेना. सदूकाकाने त्याला प्लॅस्टिकच्या भरल्या होत्या. विचारलं तर म्हणाला, "पोराला काच लागली असती."

सदूकाका अजून पालीला भितो आणि साकवावर डोळे मिटतो. पण त्याचं दार आता दुपारच्या वेळी लोटलेलं असतं आणि आत आक्का असते. दोन-तीन बाया तरी आत जाऊन येताना मी पाहिल्यात, पदराखाली हात झाकून. सदूकाका हाताचं माप घेतो. कपाळाकडे बघत नाही.

तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या घरात रिकाम्या हातांची कुणी असेल, आई, आत्या, वहिनी, कुणीही, तर एका दुपारी तिला आमच्या गावाला घेऊन या. तिठ्यावर उतरा, साकव ओलांडा. ओटीवर जे पत्रक मिळेल ते तिला वाचायला द्या आणि तुम्ही बाहेरच बसा. येताना तिच्या पदराखालून आवाज आला, तर रस्ताभर मोठ्याने काहीतरी बोलत राहा.