हिरवी खिडकी

कशेळ्याच्या जीपस्टँडवर समीक्षा तिघांचे फोन गोळा करून बसली होती आणि एका बटणाचा हिरवा रंग अजून जरा कोवळा करावा की काय, या विचारात हरवली होती. ॲपचे पडदे रेखाटायला ती नेटवरून शिकत होती. सुरुवातीला तिला नुसतं गुलाबी आवडायचं, मग सावल्या आवडायला लागल्या, आणि हल्ली तर चालता चालता समोरच्या डोंगराचेही कोपरे गोल करावेसे वाटत. उद्या कर्जतला तिची मुलाखत होती. तिथल्या डिझाईन ऑफिसच्या ऋतिका मॅडमनी बजावलं होतं, "तुझं काम खऱ्या माणसांना वापरायला दे आणि काय झालं ते येऊन सांग." ही नोकरी लागली नाही, तर तिला आत्याकडे मोहोपाड्याला जाऊन कंपनीच्या पॅकिंगला लागावं लागणार होतं. तसं घरात ठरलंच होतं.

खरी माणसं हाताशीच होती. एक तिचा नवीनमामा, कशेळे-कर्जत जीप चालवणारा. दुसरे आबाजी, कारखान्यातून निवृत्त झाले तरी रोज कर्जतला पेपर वाचायला जाणारे. तिसरी वाडीवरची आवडी, करवंदांची पाटी घेऊन बाजाराला निघणारी. जीपमधली जागा घरबसल्या धरता यावी अशा ॲपची आपली चित्रं समीक्षाने तिघांच्या फोनवर टाकली. चित्रातल्या जीपची पुढची खिडकी दाबली की ती हिरवी होई आणि 'जागा तुमची' असं येई. मामाच्या फोनवर 'गाडी भरली' असं झळके. चित्रांच्या मागे खरं चालणारं काहीच नव्हतं; तेवढं शिकायला तिला अजून अवकाश होता. ही नुसती चित्रं आहेत, हे सांगायचंही ती त्या कोवळ्या हिरव्याच्या नादात विसरली.

सकाळी ती नवा ड्रेस घालून, मनातल्या मनात मॅडमशी बोलत स्टँडवर आली, तर जीप नाही.

आबाजी दुसरा चहा घेऊन निवांत आले. "घाई कशाला? पुढची खिडकी माझी हाय."

"तुमची कशी? माझी हिरवी झालीय!" आवडीने पाटी खाली ठेवून फोन पुढे केला.

"आमचीबी हिरवीच हाय. बघ."

समीक्षाने दोन्ही फोन हातात घेतले. "आवो, ती सगळ्यांचीच हिरवी होते."

"मंग मी कुनाच्या मांडीवर बसू गं?" आवडीने विचारलं.

समीक्षाने मामाला फोन लावला. "मामा, कुठं हायस तू?"

"कर्जतच्या जवळ आलो की! तुझ्या ॲपमधी आलं ना, गाडी भरली. मग निघालो."

"अरे, पण गाडीत कोण हाय?"

"अजून कोण नाय. बुकिंगवाले वाटंत चढतील म्हटलं. लोकं हात दाखवतात गं, मी कुनाला घेतलं नाय. एकजण म्हणतो, रिकामी तर हाय. त्याला सांगितलं, दिसते रिकामी, पन भरलीय."

भरल्याशिवाय सुटायचं नाही, एवढाच त्या स्टँडचा कायदा. मामाने तो आयुष्यभर पाळला होता आणि आजही इमानेइतबारे पाळला होता. फक्त आज माणसं मोजायचं काम त्याने भाचीवर सोपवलं होतं.

"मामा, माझी मुलाखत हाय रं! मागं फिर!"

मामा फिरला. येताना त्याने सोडलेली माणसं पुन्हा दिसली, पण ती आता त्याच्याकडे बघेनात. कशेळ्याला पोचताच पुढच्या खिडकीवरून भांडण सुरू झालं. शेवटी आबाजी खिडकीत, आवडी मधे आणि समीक्षा मागे, मांडीवर करवंदांची पाटी घेऊन. बाहेर उन्हात शेतं झोपेत असल्यासारखी मागे पळत होती. नव्या ड्रेसवर जांभळे डाग पडत होते. तिला मोहोपाड्याची आत्या दिसू लागली.

ऑफिसात ती एकटी गेलीच नाही. आबाजी आणि आवडी तक्रार घेऊन बरोबर आले. मामाही आला, कारण त्याला डिझेल कोण भरून देणार हे विचारायचं होतं.

"उशीर झाला," ऋतिका मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मी सांगते..."

"थांब गं," आबाजी पुढे झाले. "आधी आमचं ऐका. हिनं एक खिडकी दोघांना दिली!"

"आनि मला रिकामी गाडी भरली म्हनून सांगितली," मामा म्हणाला.

समीक्षाला रडू आवरेना, तेव्हा ती सरळ रडली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी आलेले सगळे सांगून गेले, लोकांना फार आवडलं, रंगही आवडला. जिची माणसं भांडायला इथवर आली, अशी तू पहिलीच. यांनी तुझ्यावर केवढा विश्वास ठेवला, कळतंय का तुला? सोमवारपासून ये. आणि ते डिझेल आम्ही देऊ."

समीक्षा शिकू लागली. सहा महिने हिरव्याला तिने हातही लावला नाही. स्टँडवर उभं राहून कोण कधी येतं, कोण कुणासाठी जागा धरतं, हे बघत राहिली. पडदे केले, मोडले, पुन्हा केले. मागचं काम ऑफिसातल्या मुलांनी केलं. दिवाळीच्या सुमारास ॲप चालू झालं. गाडीत खरोखर किती माणसं बसली तेवढंच आता ते सांगायचं, आणि घेतलेली जागा करडी दिसायची. मामा खूश होता. आबाजी लवकर उठून खिडकी धरू लागले.

एका सकाळी स्टँडवर समीक्षाने आवडीशेजारी बसून तिला सगळं दाखवलं. आवडीने पुढची खिडकी दाबली. करडी. पुन्हा दाबली. तरी करडीच.

"कोनतरी बसलंय त्यात, आबाजी असतील. पन काकी, आता खोटं काय दिसनार नाय तुला."

"चांगलं केलंस गं पोरी." आवडीने करडी खिडकी आणखी एकदा दाबून बघितली. "पन ते आधीचं हाय का अजून?"

"ते खोटं होतं काकी. नुसती चित्रं होती."

"असू दे. त्यात खिडकी माझी व्हायची."

समीक्षाने जुनी चित्रं शोधून आवडीच्या फोनमध्ये परत टाकली. जीप भरली, सुटली. मागच्या बाकावर दोन माणसांच्या मधे चेपून बसलेली आवडी पार कर्जत येईपर्यंत ती हिरवी खिडकी उघडून बघत होती.