अलीम मिस्त्रींचं जन्मस्थळ

ज्ञानकोशवाले साहेब, हे भांडण तुम्हीच लावलंत. आमच्याकडं बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. पोर जन्मतं आजोळी आणि जन्मभर गाव सांगतं बापाचं. त्यावरून कधी कुणाचं डोकं फुटलं नव्हतं. तुम्ही इंटरनेटवर 'जन्मस्थळ' म्हणून एकच चौकट आखलीत आणि दोन तालुके एकमेकांच्या अंगावर घातलेत. आता झालेलं सगळं ऐकून घ्या.

साल दोन हजार आठ. शिरूरात सुफियाचं सायबर कॅफे होतं. तिला एक दिवस तुमच्या ज्ञानकोशात आपल्या पणजोबांचं नाव सापडलं. खाली एकच ओळ : 'अलीम मिस्त्री हे व्हायोलिन बनवणारे जुने कारागीर होते.' तिनं लगेच आपल्या आजीला, रशिदाबींना, रिक्षात घालून आणलं. अलीम मिस्त्री त्यांचे वडील.

"एवढंच?" रशिदाबी चष्मा पुसत म्हणाल्या. "उंदराच्या औषधाच्या पुडीवरबी ह्याच्यापरीस जास्त लिवत्यात."

"म्हणून तर आणलं तुला, नानी. सांग, मी वाढवते."

"लिव्ह. दौंडला रेल्वेच्या मशिनी यायच्या, त्या खोक्यांच्या देवदारी फळ्या आणून आब्बा फिडल करायचे. गजाला टांग्याच्या घोड्याचं केस. आब्बा दिसलं की घोडं भिताडाला पाठ लावून हुबं ऱ्हायचं. घोडं लिवलंस का? माझ्यामागं हे कुणालाच ठावं ऱ्हायचं न्हाई."

सुफियानं घोडंसुद्धा लिहिलं. मग ती चौकट आली. रशिदाबी म्हणाल्या, "जन्म दौंडाकडल्या राहू गावचा, आजोळी." सुफियानं 'राहू' लिहिलं आणि दोघी समाधानानं चहा प्यायल्या.

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींच्या बापाच्या गावचे, शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे हौसराव आप्पा दारात. सोसायटीचे चेअरमन. खुर्ची ओढून बसले.

"सुफिया, आमचा माणूस राहूला कसा गेला गं?"

"जन्मले तिथं, आप्पा."

"जन्मला आसंल! माणूस यष्टीतबी जन्मतो. म्हनून डेपोचा व्हतो व्हय?"

सुफियानं निमूट 'कवठे येमाई' केलं. संध्याकाळी राहूच्या भजनी मंडळाच्या कोंडिबांचा फोन. मंडळात अलीम मिस्त्रींचं एक व्हायोलिन अजून वाजत होतं.

"सुईण आमची, खाट आमची, आन् पोरगं कवठ्याचं? ही कुठली रीत?"

कोंडिबांच्या भाच्यानं दौंडहून पुन्हा 'राहू' केलं. हौसरावांनी शिरूरहून ते खोडलं. मग दोन्हीकडून पुरावे यायला लागले. बाळाला पहिलं न्हाऊ कुणी घातलं, गूळ कुठं वाटला, पाळण्याची दोरी कुणाच्या घरची. अलीम मिस्त्री चार दिवसांचे होईपर्यंत पान भरून गेलं.

तेव्हा साहेब, तुम्ही जागे झालात. 'संदर्भ द्या. छापील.'

छापील? आमच्याकडं त्याला काय तोटा! हौसरावांनी शिरूरच्या साप्ताहिकात बातमी छापून आणली : 'अलीम मिस्त्री कवठ्याचेच.' कोंडिबांनी दौंडच्या साप्ताहिकात छापून आणली : 'अलीम मिस्त्री राहूचेच.' दोघांनी आपापले संदर्भ डकवले. तरी मिटेना. शेवटी सुफियानं दोघांनाही कॅफेत बोलावलं, नानीलाही आणून बसवलं. कोंडिबा पुरावा म्हणून व्हायोलिन काखेत घेऊनच आले.

"वाजवून दाखव," रशिदाबी म्हणाल्या, "मग बघू कुणाचं ते."

कोंडिबांनी गज ओढला. गिऱ्हाइकं हातातला माऊस सोडून वळली. हौसराव पहिल्यांदा छताकडं बघत होते, मग टेबलावर त्यांची बोटं ठेका धरायला लागली. रशिदाबींनी डोळे मिटले.

"आसंच वाजायचं," त्या म्हणाल्या. "मांजरावानी सुरू व्हायचं आन् मग माणसावानी."

वाजवणं थांबल्यावर हौसराव खाकरले. "आक्का, एक काम करू. जन्म राहूचा, गाव कवठ्याचं. दोन्ही लिवा."

"मी कवा न्हाई म्हनलं?" कोंडिबा म्हणाले.

भांडण मिटलं! सुफियानं आनंदानं पान उघडलं. पानाला कुलूप. 'वादामुळे संपादन बंद.' वर जन्मस्थळावर लांबलचक मजकूर, दोन्ही साप्ताहिकांच्या संदर्भासकट, शाबूत. खोक्यांच्या फळ्या नाहीत. घोडं नाही. मूळची ती एक ओळसुद्धा नाही. बाजूला शेरा : 'संदर्भहीन मजकूर वगळला.'

खरंच की. आप्पांनी छापलं, कोंडिबांनी छापलं, पण अलीम मिस्त्री व्हायोलिन करायचे हे छापायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

कोंडिबांनी ओशाळून व्हायोलिन हळूच टेबलावर ठेवलं. रशिदाबी मात्र पोट धरून हसल्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "सुफिया, त्या सायबाला लिवता येतंय का काही?"

"चर्चेचं पान उघडं आहे, नानी."

"मग लिव्ह. म्हनावं, माझा बाप दोन गावांत जन्मला, ह्याचा छापील पुरावा तुम्ही ठेवलाय. आता आमच्या म्होरं हे टेबलावर काय पडलंय, आन् ते कुनी केलं, ते सांगा. उत्तर द्या. कॅफे बंद व्हायच्या आत."